दगड कापणाऱ्यांसाठी रबरी हाफ मास्क: उत्तम आहे, पण कटरला पाणी लावलं असेल तरच

रबरी हाफ मास्क म्हणजे नाक, तोंड आणि हनुवटी झाकणारा, दोन बाजूंना दोन फिल्टर लागणारा, धुऊन पुन्हा वापरायचा मास्क. रंगकामात आणि केमिकलच्या कारखान्यांत तो सर्रास दिसतो. ग्रॅनाइटचा ओटा बसवणारा कारागीर, टाइल कापणारा फरशीवाला, वायरिंगसाठी भिंतीत झिरी मारणारा इलेक्ट्रिशियन यांच्या तोंडावर मात्र अजून गमछाच असतो. खरी गरज यांनाच आहे. म्हणून थ्रीएम कंपनीचा ६२०० हा मास्क फक्त दगड-काँक्रीटच्या धुळीसाठी कसा आहे, एवढंच इथे पाहिलं आहे. मास्क आणि एक जोडी फिल्टर मिळून खर्च साधारण दोन हजारांच्या घरात जातो. दुकानागणिक थोडा इकडेतिकडे होतो.

मास्क घेण्याजोगा आहे. वर्षानुवर्षं टिकतो, सुटे भाग मिळतात, आणि चेहऱ्याला जो बसतो तो कागदी मास्कापेक्षा कितीतरी पक्का बसतो. पण सुकं कापत असाल तर एकट्या मास्कवर भरवसा ठेवू नका. त्याचं गणित पुढे येईलच.

आधी दुकानात होणारी चूक. ‘६२०० द्या’ म्हटलं की पुष्कळदा मास्कसोबत काळ्या पट्टीचे दोन डबे हातात ठेवले जातात. ते ६००१ नंबरचे, रंग-थिनरच्या वाफांसाठी. आत कोळसा असतो. तो वाफ धरतो, पण दगडाची बारीक धूळ अडवणारा थर त्यात नसतो. डबा जड, दिसायला दणकट, म्हणून माणसाला वाटतं हाच भारी माल. तो लावून दिवसभर ग्रॅनाइट घासणारा माणूस समजतो की आपण सुरक्षित आहोत, आणि म्हणून धुळीच्या आणखी जवळ जातो. गमछावाला निदान तोंड तरी फिरवतो.

धुळीसाठी नंबर सांगूनच मागा: २०९१, २०९७ किंवा ७०९३. तिन्ही पी१०० वर्गाचे आहेत, म्हणजे सर्वांत निसटता कण जो ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा, तोही ९९.९७ टक्के अडवणारे. अमेरिकन पद्धतीत या वर्गाची खूण गडद गुलाबी-जांभळा रंग. २०९१ हा साधा, पातळ, गोल चकतीसारखा. २०९७ तसाच, पण त्यात कोळशाचा पातळ थर आहे. ग्रॅनाइट चिकटवायचं रेझिन किंवा सांध्यातला केमिकलचा उग्र वास त्याने कमी होतो. तेवढंच त्याचं काम, वाफेपासून संरक्षण म्हणून तो धरू नका. ७०९३ हा कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद असतो. पाणी लावून कापणाऱ्याने हाच घ्यावा, कारण उघड्या चकतीवर रेंद्याचे शिंतोडे उडाले की फिल्टर ओला होतो आणि श्वास ओढायला जड जातो. अशा वेळी माणूस काय करतो ते ठरलेलं आहे: मास्क हनुवटीखाली ओढतो आणि काम चालू ठेवतो. तिन्ही फिल्टर एकाच पद्धतीने बसतात. खाचेत ठेवून पाव फेरा घड्याळाच्या दिशेने, अडेपर्यंत. जबरदस्तीने आणखी पिळला तर खाचेचे कान तुटतात.

कोणत्या दगडाला किती भ्यायचं, याबद्दल साइटवर पुष्कळ गैरसमज आहेत. आजार करते ती धूळ म्हणजे स्फटिकरूप सिलिका, सोप्या भाषेत गारगोटीचा अंश. वाळूच्या दगडात ती ७० ते ९० टक्के, काँक्रीट आणि मसाल्यात २५ ते ७०, टाइलमध्ये ३० ते ४५, ग्रॅनाइटमध्ये २० ते ४५, विटेत ३० टक्क्यांपर्यंत. संगमरवरात जेमतेम २ टक्के. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसाल्ट, त्यात साधारण ५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे काळ्या दगडाच्या खडीपेक्षा नदीची वाळू घालून केलेलं काँक्रीट कापणं जास्त घातक. कडप्पा, कोटा, शहाबादी या चुनखडीच्या जातीच्या फरश्या. पण त्यांतही सिलिका असते आणि खाणीगणिक बदलते, तेव्हा ‘मऊ दगड आहे, काही होत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. सर्वांत वाईट तो कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झ, किचनच्या ओट्यासाठी हल्ली मागणी असलेला, पांढराशुभ्र, एकसारखा. दगडाची भुकटी रेझिनमध्ये दाबून तो बनतो, आणि जुन्या धाटणीच्या मालात सिलिका ९० टक्क्यांच्या वर असते. हा माल कापणाऱ्या तरुण कामगारांमध्ये सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने फुप्फुस घट्ट होत जाण्याचा आजार, इतका वाढला की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याचं उत्पादन, विक्री आणि बसवणं देशभर बंद केलं. आपल्याकडे तो शोरूममध्ये ग्रॅनाइटच्या शेजारी उभा असतो आणि कारागीर दोन्ही एकाच ग्राइंडरने, एकाच पद्धतीने कापतो.

आणखी एक गोष्ट. जी धूळ डोळ्यांना दिसते, नाकात जाऊन शिंकेतून काळी-पांढरी बाहेर पडते, ती त्यातल्या त्यात बरी. फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात ते ५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. ते दिसत नाहीत. १ मायक्रॉनचा कण उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून, वारा नसलेल्या खोलीत, खाली बसायला काही तास घेतो. म्हणजे कापणी संपली, धुरळा बसला, मास्क काढला, तिथेच जेवणाचा डबा उघडला, तरी हवा स्वच्छ झालेली नसते. त्यातून टेबलफॅन लावला तर बसलेलंही पुन्हा उठतं.

मास्कची साइझ हा दुसरा घोळ. बहुतेक दुकानांत ६२०० हा मध्यमच ठेवतात आणि ‘सगळ्यांना बसतो’ म्हणून देतात. अरुंद चेहऱ्याच्या माणसाला ६१०० लागतो, रुंद जबड्याला ६३००. चुकीची साइझ कुठे कळते? नाकाच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीखाली. घालताना आधी हनुवटी कपात टेकवा, मग नाकावर आणा. वरची चौकट डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर बसवा, खालचा पट्टा मानेमागे हुकात अडकवा, आणि आधी वरचे, मग खालचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढा. फार आवळू नका. आवळलेल्या मास्काची कड दुमडते आणि नेमकी तिथून हवा येते.

मग दोन परीक्षा, रोज, प्रत्येक वेळी घातल्यावर. पहिली: समोरच्या श्वास सोडायच्या व्हॉल्व्हवर तळवा ठेवा आणि हलकेच फुंकर मारा. मास्क किंचित फुगला आणि कडेने हवा निसटली नाही, तर ठीक. दुसरी: चकतीच्या फिल्टरच्या मधल्या खोलगट भागावर दोन्ही अंगठे दाबून श्वास आत ओढा आणि पाच-दहा सेकंद धरा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. ७०९३ असेल तर डबीचं हवा आत घेणारं तोंड तळव्याने झाका. दोन्ही मिळून अर्धा मिनिट लागतो. संध्याकाळी मास्क काढला की आणखी एक तपासणी आपोआप होते. आतून पाहा. नाकाशेजारी किंवा गालाच्या कडेला आत शिरणारी राखाडी रेघ उमटली असेल, तर दिवसभर धूळ त्या वाटेने येत होती. बाकी आतला भाग घामाने ओला पण स्वच्छ दिसला पाहिजे.

दाढीबद्दल तडजोड नाही. मास्कची कड जिथे टेकते तिथे दोन दिवसांची खुंटं असली तरी हवा केसांमधून वाट काढते. मिशी कडेच्या आत मावत असेल तर चालते. पूर्ण दाढी ठेवणाऱ्यासाठी हा मास्क नाहीच. त्याला पंख्याने हवा सोडणारा, डोक्यावरून घ्यायचा सैल हूडवाला प्रकार लागतो, आणि तो कितीतरी महाग आहे. वीस-पंचवीस कारागीर हाताखाली असलेल्या ठेकेदाराने रीतसर फिट टेस्ट करून घ्यावी. डोक्यावर पिशवीसारखा हूड घालून आत सॅकरिनचा किंवा कडू द्रावणाचा फवारा मारतात, आणि माणसाला चव लागली तर मास्क गळतो आहे हे कळतं.

कामात कसा वाटतो? पहिला दिवस त्रासाचा जातो. बोलणं घुमतं, हेल्परला ‘पट्टी सरकव’ सांगायला ओरडावं लागतं. खाली वाकून ब्लेडच्या रेषेकडे पाहताना बाजूचे फिल्टर नजरेच्या कोपऱ्यात येतात. चपट्या २०९१ला हा त्रास कमी, ७०९३ला थोडा जास्त. गॉगल नाकावर मास्कच्या वरच्या कडेला भिडतो, म्हणून नाकावर अरुंद असलेला गॉगल निवडा. गॉगल मास्कवर टेकला तर तो मास्कलाच उचलतो. उन्हाळ्यात घाम कपात साचतो आणि व्हॉल्व्हमधून टपकतो. हा दोष नाही, तो तसाच बाहेर पडायला हवा. ६२०० चा रबरासारखा पदार्थ घामट त्वचेवर थोडा चिकटतो. रोज आठ तासांचं काम असेल तर ७५०० मालिकेचा सिलिकॉनचा मास्क जास्त सोसतो, आणि फिल्टर दोन्हींना तेच लागतात. पंपाशिवायचा घट्ट मास्क सलग तासाभरापेक्षा जास्त घालू नये, मध्ये स्वच्छ हवेत जाऊन काढावा, अशी ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा खात्याची शिफारस आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात हा तास आणखी कमी धरावा लागेल. विश्रांती मात्र धुळीच्या खोलीत नको, बाहेर. ज्याला दमा किंवा हृदयविकार आहे त्याने असा मास्क घालण्याआधी डॉक्टरला विचारावं, कारण प्रत्येक श्वास थोडा जोर लावून ओढावा लागतो.

आता गणित. फिल्टर ९९.९७ टक्क्यांचा असला तरी मास्क तेवढा नाही, कारण कड कुठे ना कुठे थोडी गळतेच. म्हणून अमेरिकेच्या नियमांत हाफ मास्कला १० हा गुणांक दिला आहे: बाहेरच्या हवेतली धूळ आत दहाव्या हिश्शावर येईल एवढंच धरायचं. त्यांची आठ तासांची मर्यादा २०१६ च्या नियमाप्रमाणे घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम सिलिका. आपल्या जुन्या कारखाना कायद्याच्या (१९४८) परिशिष्टात सूत्र होतं: श्वासात जाणाऱ्या धुळीची मर्यादा म्हणजे १० भागिले (क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेची, टक्केवारी अधिक २), उत्तर मिलिग्रॅममध्ये. ३० टक्के क्वार्ट्झच्या ग्रॅनाइटला ती ०.३१ मिलिग्रॅम धूळ येते, म्हणजे सुमारे ९४ मायक्रोग्रॅम सिलिका. ही मर्यादा अमेरिकेच्या जवळजवळ दुप्पट सैल आहे, हे लक्षात ठेवून हिशोब अमेरिकेच्या आकड्यावरच करा.

समजा, बंद स्वयंपाकघरात सिंकचा खड्डा सुका कापताना हवेत ५,००० मायक्रोग्रॅम सिलिका झाली. मास्कच्या आत १० ने भागून ५००. मर्यादेच्या दहापट, तेही मास्क नीट बसला असताना. आता तीच कापणी पाणी सोडून केली आणि धूळ ९० टक्क्यांनी घटली, तर हवेत ५०० आणि मास्कच्या आत ५०. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण सुकं कापताना मर्यादा कित्येक पट ओलांडली जाते यात वाद नाही. मास्कचे दोन हजार रुपये वसूल व्हायचे तर आधी पाण्याची नळी हवी, ते यामुळे. अमेरिकेच्या नियमातही हातातल्या करवतीला जोडलेलं पाणी असेल तर उघड्यावर ४ तासांपर्यंत मास्कची सक्ती नाही. घरात किंवा बंदिस्त जागेत मात्र पाणी असूनही १० गुणांकाचा मास्क लागतोच.

पाण्याची सोय करणं कठीण नाही. ४ इंची मार्बल कटरसोबत बऱ्याचदा पाण्याचा छोटा नोझल, पारदर्शक नळी आणि चावी येते. ती पहिल्याच दिवशी काढून पेटीत टाकली जाते, कारण पाण्याने पेन्सिलची खूण पुसते आणि खाली राडा होतो. खुणेसाठी मेणाची पेन्सिल वापरा किंवा चिकटपट्टी लावून तिच्यावर आखा. नोझलचं तोंड ब्लेडच्या दोन्ही अंगांना, दगडात शिरण्याच्या जागेच्या थोडं आधी लागलं पाहिजे. पाणी दगडावर ओतून उपयोग नाही, ते ब्लेडबरोबर फिरून कापाच्या तोंडाशी पोचलं पाहिजे. ब्लेड मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेत असतं, वरून बाटलीने शिंपडलेलं पाणी ते झटकून टाकतं. हेल्परने बाटलीतून धार धरणं ही रोजची पद्धत, पण हेल्पर दमला की धार वाकडी जाते आणि धूळ सुटते. शिवाय त्या हेल्परचं नाक कापणाऱ्याहून जवळ असतं.

किती पाणी? मोठ्या कट-ऑफ करवतींसाठी मिनिटाला अर्धा लिटर हे ब्रिटनमधलं मान्य माप आहे. ४ इंची ब्लेडला तिथूनच सुरुवात करा. मोजणं सोपं: चावी उघडून नळीचं तोंड अर्ध्या लिटरच्या बाटलीत धरा, एका मिनिटात भरली पाहिजे. या हिशोबाने २० लिटरचा कॅन ४० मिनिटं चालतो. कॅन खांद्याहून उंच टांगला की पंप लागत नाही. कॅनच्या तोटीला बारीक जाळी लावा, नाहीतर गाळाने नोझल तुंबतो, आणि तुंबलं हे कळतं तेव्हा पांढरा धूर निघून गेलेला असतो. धूर दिसला की थांबा, नोझल सुईने मोकळा करा.

पाणी आणि वीज एकत्र, त्यामुळे हे नीट वाचा. साध्या अँगल ग्राइंडरवर पाणी सोडू नका, तो त्यासाठी बनलेला नसतो आणि हवा खेचायच्या जाळीतून पाणी मोटारीत जातं. पाण्याची सोय असलेला कटरच वापरा, आणि तोही ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधूनच, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधूनच. घराच्या डीबीत (विजेच्या मुख्य पेटीत) तो नसेल तर प्लगला लावायचा सुटा मिळतो. सुरू करण्याआधी त्याचं टेस्ट बटण दाबून पाहा. वायर बोर्डाच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या तळाशी गळून पडतं.

पाणी शक्य नसलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ फर्निचर लागलेल्या घरात झिरी मारताना, ब्लेडभोवती झाकण आणि त्याला धूळ खेचणारा व्हॅक्यूम हा पर्याय आहे. त्याचं माप ब्लेडच्या व्यासाच्या दर इंचाला मिनिटाला २५ घनफूट हवा. ४ इंचाला १००, म्हणजे सुमारे २,८०० लिटर. घरगुती व्हॅक्यूम एवढं खेचत नाही, आणि जे खेचतो त्यातली बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो. निदान ९९ टक्के क्षमतेचा फिल्टर आणि तो झटकायची सोय असलेलाच घ्या.

कागदी मास्काशी तुलना करायची तर: साधा सर्जिकल मास्क आणि गमछा हे या कामात शून्य धरा. ओला गमछाही. एन९५ किंवा एफएफपी२ चालतो, कागदावर त्याचाही गुणांक १०च आहे, पण दोन पट्टे डोक्यामागे जाणारा घ्या. कानात अडकवायचे पट्टे कड दाबून धरत नाहीत. खोटा माल खूप आहे. भारतीय मालावर आयएसआयची खूण, आयएस ९४७३ हा मानक क्रमांक, एफएफपी१, २ की ३ हा वर्ग, आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला पाहा. अमेरिकन मान्यतेच्या एन९५ वर टीसी-८४ए ने सुरू होणारा क्रमांक असतो. एफएफपी१ दगडाच्या कामाला घेऊ नका. कागदी मास्क घामाने मऊ पडतो, अर्ध्या दिवसात नाकावरून उचलतो, म्हणून दिवसाला एक-दोन लागतात. महिन्यातून दोन-तीन दिवस कटर धरणाऱ्या घरमालकाला किंवा सुताराला तेच परवडतात. रोज कापणाऱ्याला रबरी मास्कच दोन-तीन महिन्यांत स्वस्त पडतो. बांधकाम कामगार मंडळाच्या सुरक्षा संचात मास्क मिळाला असेल, तर त्यावरही वर्ग छापलेला आहे का ते पाहूनच कटर हातात घ्या.

देखभालीत लोक चुकतात ती जागा एकच: फिल्टर. तो धुवायचा नाही आणि कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकायचाही नाही. फुंकल्याने थराला न दिसणारी भोकं पडतात, श्वास हलका वाटायला लागतो, आणि माणूस खूश होतो की फिल्टर साफ झाला. दगडाच्या सुक्या धुळीत फिल्टरला ठरावीक तारीख नसते. ओढायला जड झाला, भिजला, फाटला किंवा आतली बाजू मळली की बदला. पाणी लावून कापणाऱ्याचा फिल्टर सुक्या कापणाऱ्याच्या कितीतरी पट टिकतो, हाही पाण्याचा फायदा हिशोबात धरा. मास्क मात्र रोज धुवा: फिल्टर काढून, कोमट पाणी आणि साधा साबण, मऊ ब्रश, सावलीत वाळवणं. कडक गरम पाणी, थिनर, पेट्रोल नको. समोरच्या व्हॉल्व्हचं झाकण काढून आतली रबरी चकती बघा. तिच्याखाली दगडाचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही, आणि श्वास घेताना धूळ तिथून सरळ आत येते. आत घ्यायच्या दोन चकत्या, दोन्ही बाजूंना एकेक, कपाच्या आतून दिसतात. एखादी गळून पडली तरी मास्क ‘मस्त हलका’ वाटतो, म्हणून मोजूनच घ्या. वाळला की झाकणाच्या डब्यात. कटरच्या पेटीत उघडा टाकला तर सकाळी पहिल्याच श्वासात कालची धूळ जाते.

धूळ मास्कबरोबर संपत नाही. ओला रेंदा वाळायच्या आत पोतेऱ्याने पुसा, वाळला की तो पुन्हा धूळच आहे. सुका झाडू बंद. अंगावरचे कपडे ब्लोअरने झटकण्याची सवय फार वाईट, दिवसभर वाचवलेलं दोन मिनिटांत छातीत जातं. कपडे साइटवर बदलून पिशवीत न्या आणि घरी आधी भिजवून मग धुवा. सुके झटकून धुतले तर ती धूळ घरातल्या बाईच्या आणि मुलांच्या श्वासात जाते.

एवढी काळजी कशासाठी, तर सिलिकोसिसवर औषध नाही. कण फुप्फुसात बसतात, त्यांच्याभोवती गाठी धरतात, फुप्फुस घट्ट होत जातं, आणि काम सोडल्यावरही ते थांबेलच असं नाही. नुकत्याच फुटलेल्या दगडाचा कण जुन्या धुळीपेक्षा जास्त जहाल असतो, आणि कटरखाली सगळी धूळ ताजीच. सावकाश येणारा प्रकार दहा वर्षांहून जास्त काळाने दिसतो, जास्त धुळीत पाच-दहा वर्षांत, आणि अतोनात धुळीत त्याहीआधी. सिलिका कर्करोगकारक असल्याचं जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच ठरवलं आहे. शिवाय सिलिका बसलेल्या छातीत टीबी सहज घर करतो, आणि एक्स-रेवर दोन्ही एकमेकांसारखे दिसू शकतात. म्हणून खोकला आणि धाप घेऊन डॉक्टरकडे गेलात तर पहिल्याच वाक्यात सांगा: मी ग्रॅनाइट कापतो, इतकी वर्षं, सुकं. डॉक्टर बहुधा ते विचारत नाहीत. थुंकीत जंतू न सापडताही टीबीचा कोर्स दुसऱ्यांदा सुरू झाला असेल, तर छातीच्या डॉक्टरकडे सिलिकोसिसचं नाव स्वतःहून काढा. रोज कापणाऱ्याने काम धरताना एकदा आणि मग ठरावीक अंतराने छातीचा एक्स-रे आणि फुंकण्याची चाचणी करावी, आणि जुन्या फिल्म फेकू नयेत. पुढच्या फिल्मशी ताडून पाहायला आणि भरपाईच्या दाव्याला त्याच कामी येतात. सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याचा आजार आहे: कारखाना कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२० च्या तिसऱ्या अनुसूचीत तो आहे, आणि कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ च्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या तिसऱ्या अनुसूचीत तो व्यवसायजन्य आजारांत धरला आहे. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल तर दावा तिकडून. ठेकेदाराकडे नोंद नसेल तर मजुरीच्या चिठ्ठ्या, पैसे आल्याचे मेसेज, साइटचे फोटो, जे असेल ते जपून ठेवा.

राहिला घरमालक. सर्वांत जास्त धूळ सिंकच्या खड्ड्याची, गॅसच्या शेगडीच्या खाचेची आणि कडेच्या मोल्डिंगची, आणि ही तिन्ही कामं बहुधा तुमच्या बंद स्वयंपाकघरातच होतात, कारण सिंक आणि शेगडी ओटा आल्यावर घेतली जाते. ती आधी घ्या. मॉडेल आणि कापायचं माप कागदावर ओट्यावाल्याला द्या आणि खड्डे त्याच्या यार्डात, पाण्याच्या मोठ्या कटरवर पाडून आणायला सांगा. घरात मग उरतो तो भिंतीला टेकवताना करायचा थोडा कट. त्याच्यासाठी गॅलरीत जागा, एक बादली पाणी आणि चालू आरसीसीबी एवढं तयार ठेवा.